एम.ए. इतिहासाचा शोधनिबंध: प्रश्नापासून तळटिपेपर्यंत, क्रमाने

ठाणे, कळवा, वाशी, पनवेल या पट्ट्यातल्या कॉलेजांतून एम.ए. करणाऱ्या विद्यार्थ्यांचे इतिहासाचे शोधनिबंध मी दरवर्षी वाचते. मेहनत कमी पडलीय असं फारसं दिसत नाही. दिसतो तो उलटा क्रम. आधी भारदस्त शीर्षक ठरतं, मग ‘पार्श्वभूमी’ म्हणून पंधरा पानं लिहून होतात, आणि शेवटच्या दोन आठवड्यांत ‘मॅडम, प्राथमिक साधनं (म्हणजे त्या काळातले मूळ कागद) कुठे मिळतील?’ असा फोन येतो. तोवर निबंध तीन-चार पुस्तकांचा सारांश झालेला असतो, आणि सारांशात नंतर कागदपत्रं खुपसून त्याचं संशोधन होत नाही.

म्हणून हा क्रम सविस्तर देते आहे. सगळ्या लेखात एकच उदाहरण चालवलंय: पनवेल बंदर आणि रेल्वे. तुमचा विषय वेगळा असेल, पायऱ्या याच राहतील.

## टप्पा १: विषयाला हात लावण्याआधीची तयारी

विभागाकडून चार गोष्टी लेखी घ्या: शब्दमर्यादा, निबंधाची भाषा, संदर्भ देण्याची पद्धत आणि जमा करण्याची तारीख. ‘मागच्या बॅचला असं होतं’ यावर विसंबू नका. साम्यतपासणीचा, म्हणजे निबंधातला मजकूर दुसरीकडच्या मजकुराशी किती जुळतो हे सॉफ्टवेअरने बघण्याचा, नियमही तेव्हाच विचारून ठेवा. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या विनियमांत १० टक्क्यांपर्यंतचं साम्य दंडाविना धरलं आहे, पण तुमच्या विभागाची अट त्याहून कडक असू शकते.

दुसरं काम पत्राचं. पुराभिलेखागारात (जिथे जुनी सरकारी कागदपत्रं जतन केलेली असतात) किंवा जुन्या ग्रंथालयात बसण्यासाठी विभागप्रमुखांच्या सहीशिक्क्याचं, तुमचा विषय आणि कालखंड लिहिलेलं पत्र लागतं. विषय पक्का झाल्याच्या दिवशीच ते मागा. पत्रात विषय थोडा रुंद लिहून घ्या. ‘पनवेल बंदर १८५६–१८६३’ असं लिहिलंत आणि पुढे १८४० ची फाइल हवी झाली, तर उगाच समजावत बसावं लागतं.

तिसरं, संगणकावर पहिल्या दिवसापासून तीन फोल्डर करा: ‘साधनं’, ‘टिपणं’, ‘लेखन’. संदर्भांसाठी झोटेरोसारखं मोफत सॉफ्टवेअर आत्ताच शिकून घ्या. जमा करायच्या आठवड्यात ते शिकायला वेळ नसतो.

इशारा: गाइडना पहिल्यांदा भेटताना ‘विषय द्या’ म्हणू नका. दोन-तीन विषय, आणि प्रत्येकासाठी कुठलं साधन हाताशी आहे याची एकेक ओळ घेऊन जा. मग त्या भेटीतून काहीतरी ठरतं.

## टप्पा २: विषयाचा प्रश्न करा

सर्वांत जास्त चुका इथे होतात, म्हणून इथे थोडं थांबू.

‘पनवेलचा इतिहास’ हा विषय नव्हे, ते गावाचं नाव झालं. ‘पनवेल बंदर’ म्हटलं की तो थोडा अरुंद झाला, पण अजून प्रश्न नाही. ‘रेल्वेमुळे पनवेल बंदराचा झालेला ऱ्हास’ हे विद्यार्थ्यांचं आवडतं शीर्षक, आणि तेच सर्वांत घातक. उत्तर त्यातच दिलेलं आहे. ऱ्हास झाला हे गृहीत, रेल्वेमुळे झाला हेही गृहीत. मग शोधायचं काय?

आता हे बघा: ‘१८३० ते १८८२ या काळात पनवेल बंदरातून जाणाऱ्या मालात काय बदल झाले, आणि त्यांतले किती रेल्वेशी जोडता येतात?’ इथे काळ आहे, जागा आहे, मोजता येईल अशी वस्तू आहे, आणि उत्तर ‘फारसे नाहीत’ असंही येऊ शकतं. जे उत्तर चुकू शकतं, त्याच्याच मागे लागावं.

साल ठरवतानाही कारण हवं. बोरघाटातून गाडीरस्ता झाला १८३० मध्ये. त्या वाटेने देशावरचा माल पनवेलला उतरे आणि तिथून बोटीने मुंबईला जाई. म्हणून सुरुवात १८३०. शेवट १८८२, कारण त्या वर्षी ठाणे जिल्ह्याचं गॅझेटियर, म्हणजे सरकारने तयार केलेला जिल्ह्याचा माहितीग्रंथ, छापलं गेलं आणि तोवरची आकडेवारी एका ठिकाणी मिळते. ‘एकोणिसावं शतक’ असं मोघम लिहिलं, की परीक्षकाचा पहिला प्रश्न तिथेच येतो.

मधली सालंही नीट लावा. ‘१८५३ मध्ये रेल्वे आली आणि बंदर बुडालं’ हे वाक्य मी किती निबंधांत वाचलं असेल! १६ एप्रिल १८५३ ला गाडी बोरीबंदरहून निघाली आणि ठाण्यापर्यंतच आली. पनवेलच्या मालाशी तिचा थेट संबंध नव्हता. कल्याणला लोहमार्ग पोचला १८५४ मध्ये, घाटाच्या पायथ्याशी खोपोलीला १८५६ मध्ये. वर खंडाळा ते पुणे गाडी १८५८ मध्ये सुरू झाली, आणि घाटाची चढण पूर्ण होऊन मुंबई-पुणे सलग मार्ग झाला १८६३ मध्ये. पनवेलचा प्रश्न १८५६ ते १८६३ या सात वर्षांत दडलेला आहे; १८५३ त्यात जवळपास येतच नाही. एवढी कालरेषा कागदावर काढली तरी निबंधाचा रोख बदलतो.

तपासणी: तुमचा प्रश्न घरात इतिहासाशी संबंध नसलेल्या कुणाला तरी एका वाक्यात सांगा. ‘मग काय निघालं उत्तर?’ असं त्यांनी विचारलं, तर प्रश्न जमला. ‘अच्छा, छान’ म्हणाले, तर अजून विषयच आहे.

## टप्पा ३: आधी कोणी काय म्हटलंय?

शोधगंगा या संकेतस्थळावर प्रबंध बघा, जेस्टोर या संकेतस्थळावर लेख बघा, मुंबई विद्यापीठाच्या कालिना ग्रंथालयात जा. ठाण्यात राहत असाल तर मराठी ग्रंथ संग्रहालयाला चुकवू नका. १८९३ पासूनची ही संस्था आहे, आणि स्थानिक स्मरणिका, गौरवग्रंथ, जुनी मासिकं अशा ठिकाणी जितकी सापडतात तितकी इंटरनेटवर नाहीत. दादरचं मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालय आणि टाउन हॉलमधली एशियाटिक सोसायटीही यादीत ठेवा.

वाचताना प्रत्येक पुस्तकाचा सारांश काढत बसू नका. प्रत्येकासाठी तीनच ओळी लिहा: लेखकाचं म्हणणं काय, ते कुठल्या साधनावर उभं आहे, आणि माझ्या प्रश्नाला ते कुठे भिडतं किंवा कुठे अपुरं पडतं. पूर्वसंशोधनाचं प्रकरण याच ओळींतून लिहायचं. ‘अमुक यांनी अमुक साली अमुक ग्रंथ लिहिला. त्यात आठ प्रकरणे आहेत’ अशी जंत्री परीक्षक वाचत नाहीत.

या टप्प्याला दोन-तीन आठवड्यांपेक्षा जास्त देऊ नका. वाचन संपत नसतं. ते थांबवावं लागतं.

## टप्पा ४: साधनाचा पत्ता शोधा

आजच्या नकाशावर जुनी कागदपत्रं शोधायची, ही आपल्या भागातली खास चूक. पनवेल आज रायगड जिल्ह्यात आहे, म्हणून विद्यार्थी कुलाबा जिल्ह्याचं १८८३ चं गॅझेटियर उघडतो, तिथे पनवेल सापडत नाही, आणि ‘साधने उपलब्ध नाहीत’ असं लिहून मोकळा होतो. १८८२ मध्ये पनवेल आणि उरण ठाणे जिल्ह्यात होते. त्यांची माहिती ठाण्याच्या गॅझेटियरमध्ये, म्हणजे तेराव्या आणि चौदाव्या खंडांत आहे. चौदावा खंड गावांचा आणि स्थळांचा. तसंच कुर्ला, अंधेरी, वांद्रे यांच्यावर काम करणाऱ्यांनी १९२० पूर्वीसाठी ठाणे जिल्ह्याच्या साष्टी तालुक्यात बघावं, कारण मुंबई उपनगर जिल्हा १९२० मध्ये निघाला. पालघर तर २०१४ पर्यंत ठाण्यातच होता. पहिलं काम म्हणून तुमच्या गावाचा तालुका आणि जिल्हा कुठल्या साली कुठला होता, याची पट्टी तयार करा.

दुसरी अडचण स्पेलिंगची. इंग्रजी कागदांत ठाणे कुठे थाना, कुठे टॅना. वसई म्हणजे बॅसीन. कल्याण म्हणजे कॅलियन. खोपोली म्हणजे कॅम्पूली. ही सगळी रूपं रोमन लिपीत लिहून यादी जवळ ठेवा. सूची चाळताना आणि ऑनलाइन शोधताना प्रत्येक रूप वेगळं टाकून बघा.

तिसरं, खातं. पुराभिलेखागारात कागद विषयाप्रमाणे लावलेले नसतात, सरकारच्या ज्या खात्यात ते निर्माण झाले त्याप्रमाणे असतात: महसूल, न्याय, सार्वजनिक बांधकाम, सामान्य वगैरे. ‘बंदर’ नावाचा कप्पा शोधून उपयोग नाही. स्वतःला विचारा, १८५८ मध्ये पनवेल बंदराच्या धक्क्याबद्दल कलेक्टरने कोणाला पत्र लिहिलं असतं? खर्चाचा प्रश्न असेल तर बांधकाम खात्याला, जकातीचा असेल तर महसुलाला. असा विचार करायला लागलात की अर्धं काम झालं.

आणि एक युक्ती, जी मी प्रत्येक बॅचला सांगते. गॅझेटियरच्या तळटिपा आधी वाचा. त्यात मूळ सरकारी दफ्तराचे क्रमांक आणि सालं दिलेली असतात. गॅझेटियर करणाऱ्यांनी जो कागद पाहिला होता, त्याच्यापर्यंतची वाट तिथून सुरू होते. याशिवाय मुंबई सरकारच्या दफ्तरातून छापलेली ‘सिलेक्शन्स’ आणि त्यांतले तालुक्यांच्या सर्व्हे सेटलमेंटचे, म्हणजे जमीन मोजून सारा ठरवण्याचे, अहवाल बघा. बाजार, रस्ते, गाड्या, माल कुठे जातो याची बारीक माहिती महसुलाच्या अहवालात मिळते, कारण सारा ठरवताना साहेबाला, म्हणजे इंग्रज अधिकाऱ्याला, ती लागायची.

तपासणी: पुढच्या टप्प्याआधी हातात किमान तीन वेगवेगळ्या प्रकारची साधनं हवीत. उदाहरणार्थ सरकारी पत्रव्यवहार, छापील अहवाल आणि वर्तमानपत्र. एकाच प्रकारची असतील तर प्रश्न थोडा फिरवा. तो फिरवण्यात कमीपणा नाही, आणि वेळ हीच आहे.

## टप्पा ५: पुराभिलेखागारातले दिवस

मुंबईचं पुराभिलेखागार काळा घोड्याला, एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीत आहे. ठाण्याहून किंवा पनवेलहून सीएसएमटीपर्यंत गाडी आणि पुढे चालत, असा रस्ता. प्रवासातच दिवसाचा मोठा भाग जातो, म्हणून सुट्ट्या आणि वेळा आधी फोनवर विचारून निघा.

सोबत काय न्यायचं: विभागाचं पत्र, ओळखपत्र आणि त्याची झेरॉक्स, पेन्सिली, कोरे कागद. शाईचं पेन बाहेर ठेवावं लागतं. फोटो काढता येतात का, किती, शुल्क काय, हे तिथे विचारा आणि सांगतील तसं वागा.

पहिला दिवस फाइली मागवण्यासाठी नाही, सूच्या वाचण्यासाठी ठेवा. तुमच्या कालखंडाची आणि खात्याची सूची घेऊन बसा, उपयोगी वाटतील त्या नोंदींचे खंड, कंपायलेशन (खंडातली फाइल) क्रमांक आणि साल उतरवून घ्या, आणि त्यांना महत्त्वानुसार क्रम द्या. दुसऱ्या दिवसापासून मागणीचिठ्ठ्या. काही कागद जीर्ण झाल्यामुळे मिळणार नाहीत हे धरूनच चिठ्ठ्या भरा, म्हणजे हात रिकामे राहणार नाहीत.

तिथल्या कर्मचाऱ्यांशी मोकळेपणाने बोला. ‘दादा, पनवेलच्या जकातीचे कागद बघायचेत, कुठून सुरुवात करू?’ असं विचारलं तर वर्षानुवर्षं दफ्तरं हाताळलेला माणूस तुम्हाला चार दिवस वाचवून देतो.

पेशवेकाळावर काम असेल तर पुण्याचं पेशवे दफ्तर आणि मोडी लिपी यांना पर्याय नाही. एका सत्रात मोडी सफाईने वाचता येईलच असं नाही. म्हणून एक तर मोडी आधीच्या सुट्टीत शिका, नाहीतर छापील निवडक पेशवे दफ्तरावर काम करा आणि तसं प्रस्तावनेत स्पष्ट लिहा.

इशारा: फोटो काढले म्हणजे वाचन झालं असं नाही. त्या दिवशीचे फोटो त्याच रात्री उघडा, आणि प्रत्येकाला खातं, साल, खंड, कंपायलेशन, पान या क्रमाने नाव द्या. आठवडाभराने फोनमधल्या दोनशे सारख्या दिसणाऱ्या पिवळ्या पानांतलं कुठलं कुठल्या फाइलचं, हे कुणालाच सांगता येत नाही. परत जाऊन शोधणं म्हणजे सगळं पुन्हा.

## टप्पा ६: टिपण कसं काढायचं?

टिपणाला पत्ता नसेल तर ते टिपण टाकून द्यावं लागतं. एक टिपण म्हणजे एक मुद्दा, आणि त्यात या ओळी, याच क्रमाने:

१. कुठे: मुंबई पुराभिलेखागार, खातं, साल, खंड क्र., कंपायलेशन क्र., पान.
२. कोणी कोणाला: उदा. ठाण्याच्या कलेक्टरचं महसूल आयुक्तांना पत्र, तारीख.
३. शब्दशः: अवतरणचिन्हांत मूळ वाक्य, मूळ भाषेत, मूळ स्पेलिंगसह.
४. सारांश: त्याच मजकुराचा मथितार्थ, तुमच्या शब्दांत.
५. माझं: हे मला का लागेल, कुठल्या दुसऱ्या टिपणाशी जुळतं किंवा भांडतं.

तिसरी, चौथी आणि पाचवी ओळ कधी मिसळू देऊ नका. वाङ्मयचौर्याच्या बहुतेक तक्रारी इथून जन्मतात. ज्या विद्यार्थ्यावर आळ येतो त्याच्या मनात फसवणूक नसते, वहीतलं कुठलं वाक्य आपलं आणि कुठलं साहेबाचं, एवढंच त्याला आठवत नसतं. मी ‘शब्दशः’ ओळीला वेगळ्या रंगाची पेन्सिल वापरायला सांगते. संगणकावर असाल तर वेगळा फॉन्ट.

चॅटबॉटबद्दलही इथेच सांगते. जुनं इंग्रजी वाक्य समजून घ्यायला मदत घेतली तर हरकत नाही, विभागाचा नियम तेवढा बघा. पण त्याने दिलेला एकही संदर्भ, स्वतः डोळ्यांनी पाहिल्याशिवाय, टिपणात घ्यायचा नाही. ही यंत्रं अस्तित्वात नसलेली पुस्तकं आणि पान क्रमांक अगदी ठामपणे देतात. आपल्याकडच्या स्थानिक विषयांवर तर फारच.

## टप्पा ७: साधनाला प्रश्न विचारा

साधन सापडलं म्हणजे सत्य सापडलं, असं होत नाही. प्रत्येक कागदाला विचारा: हा कोणी लिहिला, कोणासाठी, कशासाठी, आणि त्याला हे कसं कळलं?

गॅझेटियर घ्या. जेम्स कॅम्पबेल यांच्या संपादनाखाली, अनेक अधिकाऱ्यांच्या टिपणांवरून ते तयार झालं. १८७०-८० च्या दशकांतल्या व्यापाराबद्दल ते जवळचं साधन आहे. १८३० बद्दल मात्र ते ऐकीव आणि संकलित आहे, त्यामुळे तिथे त्याला प्राथमिक साधन म्हणता येत नाही. जातीजमातींची वर्णनं तर राज्यकर्त्याच्या नजरेची आहेत. ‘आगरी लोक असे असतात’ छापाचं वाक्य तिथून उचलून आपल्या निबंधात वस्तुस्थिती म्हणून घालणं हे गंभीर आहे. तीच गोष्ट देशी वृत्तपत्रांवरच्या सरकारी अहवालांची. ते अनुवादकाने निवडलेले इंग्रजी सारांश आहेत. मूळ मराठी अंक मिळत असेल तर तोच बघा; मिळत नसेल तर तळटिपेत ‘सरकारी सारांशावरून’ असं लिहा.

तारखा. मराठी कागदांत शक असेल तर इसवी सनासाठी ७८ मिळवा, वर्षाअखेरच्या महिन्यांना ७९. शुहूर आणि फसली या जुन्या दफ्तरांतल्या आणखी दोन कालगणना: शुहूर सनाला ५९९ किंवा ६००, फसलीला ५९० किंवा ५९१. शुहूर आणि फसली दोन्ही मृगाच्या सुमारास बदलतात, म्हणून महिना बघितल्याशिवाय साल ठरवू नका. साष्टी-वसईच्या मोहिमेवर काम करणाऱ्यांना आणखी एक सापळा आहे. त्या काळी पोर्तुगीज ग्रेगोरियन पंचांग वापरत आणि इंग्रज ज्युलियन, जे ११ दिवस मागे होतं. शिवाय १७५२ पर्यंत इंग्रजांचं नवं वर्ष २५ मार्चला लागे. म्हणजे वसईच्या वेढ्याबद्दल इंग्रजी पत्रावर ‘फेब्रुवारी १७३८’ असेल, तर ते आपल्या हिशेबाने १७३९ असू शकतं. वसई पडली ती तारीख एका पुस्तकात ५ मे आणि दुसऱ्यात १६ मे १७३९ दिसली तर गोंधळू नका. एकाच दिवसाची ती दोन पंचांगं आहेत.

मापं. खंडी आणि मण गावागणिक आणि जिनसागणिक बदलत. दोन ठिकाणचे मण एका तक्त्यात घालण्याआधी प्रत्येकाचं पौंडांतलं मूल्य त्याच साधनातून शोधा. सापडलं नाही तर बेरीज करू नका, दोन वेगळे स्तंभ ठेवा.

कारणं. निबंधाचा कस इथे लागतो. समजा १८६४ पेक्षा १८७० मध्ये बंदरातला कापूस घटलेला दिसला. रेल्वेमुळे? थांबा. १८६१ ते १८६५ अमेरिकेत यादवी चालू होती, तिथला कापूस इंग्लंडला जाईनासा झाला आणि मुंबईतून कापसाची निर्यात व भाव दोन्ही चढले. युद्ध संपलं तसे उतरले. म्हणजे १८६४ हे वर्ष तुलनेला घेतलं, तर रेल्वे नसती तरी घट दिसली असती. तुलनेसाठी युद्धाआधीचं वर्ष घ्यावं लागेल. पुढे १८७६–७८ चा दख्खनचा दुष्काळ आहे. ती वर्षंही जपून वापरायची. प्रत्येक ‘मुळे’ लिहिताना विचारा, याच काळात आणखी काय चाललं होतं?

## टप्पा ८: मुलाखती (विषय अलीकडचा असेल तर)

नवी मुंबईच्या भूसंपादनावर दरवर्षी कुणीतरी विषय घेतं, आणि घ्यावाच. १९७० मध्ये सिडको ही नवी मुंबई वसवणारी सरकारी कंपनी स्थापन झाली, ९५ गावांच्या जमिनी प्रकल्पाखाली आल्या, जानेवारी १९८४ मध्ये दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली जासई परिसरात आंदोलन झालं आणि १६ व १७ तारखांना गोळीबारात पाच जणांचा जीव गेला. हे भोगलेली माणसं आता वयस्कर आहेत. मुलाखतींना उशीर करण्यासारखी परिस्थिती नाही.

आधी कागद वाचा, मग माणसाकडे जा. राजपत्रातली अधिसूचना, त्या काळची वर्तमानपत्रं, विधिमंडळातली चर्चा वाचून गेलात तर ‘तेव्हा काय झालं?’ असा ढोबळ प्रश्न विचारावा लागत नाही. घरात गेल्यावर सातबारा, संपादनाची नोटीस, मोबदल्याची पावती, जुने फोटो दाखवाल का, असं विचारा. कागद हातात आला की आठवणी आपोआप निघतात. ‘काका, ही नोटीस आली तेव्हा घरात कोण कोण होतं?’ या प्रश्नाचं उत्तर लांब असतं. घरातल्या बायांशी वेगळं बोला. पुरुष बसलेले असताना आजी गप्प राहते, आणि शेतावरचं, मिठागरावरचं, मासळीचं काम तिला जास्त ठाऊक असतं.

ध्वनिमुद्रणाची परवानगी आधी मागा, ती रेकॉर्डवरही घ्या, आणि नाव छापायचं की नाही ते त्यांना ठरवू द्या. मोबदला, भाऊबंदकी, कोर्टकज्जे यांचे विषय निघतात. नाव बदलून लिहिणं बहुतेकदा बरं. मुलाखत लिहून काढताना आगरी बोली ‘शुद्ध’ करू नका. बोललेलं वाक्य तसंच ठेवा, गरज असेल तर खाली अर्थ द्या.

तपासणी: सालं माणसांच्या लक्षात राहत नाहीत, प्रसंग राहतात. ‘आंदोलनाच्या आधी की नंतर? थोरल्याचं लग्न झालं होतं का?’ असं विचारून साल पक्कं करा. मुलाखत आणि कागद जुळत नसतील तर एकाला खोटं पाडू नका. दोन्ही द्या आणि फरक का पडला असावा ते लिहा. बहुधा निबंधातलं सर्वांत चांगलं पान तेच ठरतं.

## टप्पा ९: आराखडा, मग लेखन

टिपणं टेबलावर पसरा आणि ‘माझं उत्तर’ तीन वाक्यांत लिहा. ते लिहिता येत नसेल तर लेखन सुरू करू नका. उत्तर झालं की त्याच्या आधाराला लागणारे मुद्दे वेगळे करा, तीच प्रकरणं. प्रस्तावना शेवटी लिहा. सुरुवातीला लिहिलेली प्रस्तावना तुम्ही जे करणार होतात ते सांगते, जे केलं ते नाही.

पार्श्वभूमी दोन-तीन पानांत आवरा. पनवेल बंदरावरच्या निबंधात सातवाहनांपासून सुरुवात करायची गरज नाही.

आता परिच्छेद. हे नेहमीचं वाक्य घ्या: ‘रेल्वे आल्यामुळे पनवेल बंदराचे महत्त्व कमी झाले व व्यापाऱ्यांचे अतोनात नुकसान झाले.’ कुठली रेल्वे, कोणत्या साली? महत्त्व कशावरून मोजलं? कुठले व्यापारी: धान्याचे, कापसाचे, की बोटींचे मालक? ‘अतोनात’ हा शब्द कागदात आहे की तुमचा? आता हे वाचा:

‘१८५६ मध्ये खोपोलीपर्यंत लोहमार्ग झाला, तेव्हा घाट उतरलेल्या मालाला पहिल्यांदा पनवेल टाळण्याची सोय झाली. घाट मात्र १८६३ पर्यंत गाडीरस्त्यानेच उतरावा लागत होता. म्हणून १८५६–६३ ही वर्षे येथे संक्रमणाची धरली आहेत, आणि या वर्षांचे बंदराचे आकडे पुढच्या आकड्यांपासून वेगळे वाचले आहेत.’

यात एकही भडक विशेषण नाही. पुढच्या वाक्यात आकडे येतील, त्यांची तळटीप येईल, आणि ते आकडे काय सांगू शकत नाहीत तेही येईल. परिच्छेद असा बांधा: मुद्दा, पुरावा, पुराव्याची मर्यादा, त्यावरून निघणारं म्हणणं. लांबलचक अवतरणं टाळा. साहेबाचं वाक्य दिलंत, तर ते का दिलंत हे पुढच्याच ओळीत सांगा.

## टप्पा १०: तळटिपा

लिहितानाच द्या, नंतर नाही. ‘इथे संदर्भ टाकायचाय’ असं पिवळं करून पुढे गेलात की शेवटच्या रात्री अशा साठ जागा उरतात.

पुराभिलेखाच्या तळटिपेत संस्था, खातं, साल, खंड, कंपायलेशन, कोणाचं कोणाला पत्र, तारीख आणि पान इतकं सगळं हवं. ‘महाराष्ट्र शासन, पुराभिलेख’ एवढंच लिहिणं म्हणजे पत्त्यात फक्त ‘ठाणे’ लिहून पत्र टाकणं. छापील पुस्तकाला आवृत्ती आणि पान द्या. मूळ कागद तुम्ही पाहिला नसेल आणि दुसऱ्याच्या पुस्तकात उद्धृत सापडला असेल, तर ‘… यांनी उद्धृत’ असं लिहा. यात मान कमी होत नाही. न पाहिलेल्या कागदाची तळटीप देणं मात्र व्हायवात, म्हणजे तोंडी परीक्षेत, एका प्रश्नात उघडं पडतं.

एकच पद्धत शेवटपर्यंत पाळा. पुस्तकांची नावं कुठे ठळक, कुठे तिरकी, कुठे अवतरणात, असं दिसलं की वाचणाऱ्याचा बाकीच्यावरचा विश्वासही डळमळतो.

## टप्पा ११: जमा करण्याआधी

मसुदा पूर्ण झाल्यावर दोन-तीन दिवस बाजूला ठेवा, मग प्रिंट काढून वाचा. पडद्यावर सालातली चूक दिसत नाही. वाचताना चार वेगळ्या फेऱ्या करा: पहिली फक्त सालांसाठी, दुसरी फक्त विशेषनामांसाठी (पहिल्या प्रकरणात ‘साष्टी’ आणि चौथ्यात ‘साल्सेट’ नको), तिसरी तक्त्यांच्या बेरजांसाठी, चौथी तळटिपांसाठी. तळटिपांपैकी कुठल्याही दहा निवडा आणि त्यांची टिपणं काढून ताडून बघा. दहांत दोन चुकल्या तर सगळ्या तपासायच्या.

साम्यअहवाल स्वतः उघडून बघा. टक्का कमी आला म्हणून गाफील राहू नका. इंग्रजी पुस्तकातून मराठीत आणलेला परिच्छेद सॉफ्टवेअरला सापडत नाही, परीक्षकाला सापडतो. आणि टक्का जास्त आला म्हणून शब्द फिरवत बसू नका. जिथे साम्य आहे तिथे अवतरण किंवा संदर्भ राहिलाय का ते पाहा.

व्हायवाला जाताना निबंधाची प्रत, टिपणांची वही आणि मुख्य कागदांचे फोटो सोबत ठेवा. ‘हे कशावरून?’ विचारलं की वही उघडून पान दाखवायचं. मुलाखती घेतल्या असतील तर जमा झाल्यावर एक प्रत त्या घरी पोचवा, ध्वनिमुद्रण त्यांच्या मुलाच्या किंवा नातवाच्या फोनवर द्या, आणि एक प्रत गावातल्या किंवा शहरातल्या वाचनालयात, तारखेसह नोंद करून ठेवा.